टाकीची सरासरी उंची

पुढे जे झालं त्याचं मूळ शोधायला गेलं तर ते एका चांगल्या हेतूत सापडतं, आणि नेमकी हीच गोष्ट बाईंना कधी पचली नाही. कुणी मुद्दाम वाईट केलं असतं तर निदान त्याच्या नावाने बोटं तरी मोडता आली असती.

बाई म्हणजे सातवीच्या गणिताच्या बाई. सव्वीस वर्षं त्यांनी एकच दृश्य पाहिलं होतं: फळ्यासमोर उभं केलेलं पोर, हातात खडू, चेहरा रडवेला, आणि मागे चाळीस जणांची खुसखुस. तो चेहरा त्यांना बघवत नसे, कारण लहानपणी तो त्यांचा स्वतःचा होता. म्हणून एका वर्षी त्यांनी गणिताला फळ्यावरून खाली उतरवलं आणि हाताला धरून बाहेर नेलं. पोरांनी दप्तरं वजनकाट्यावर टाकली, जिन्याच्या पायऱ्यांचा चढ काढला, सायकलचं चाक रंगात बुडवून मैदानभर फिरवलं आणि परीघ मोजला. गणिताच्या तासाला पोट दुखणारी पोरं तासाच्या आधीच दारात चपला घालून उभी राहू लागली.

शाळेचे मोठे सर, म्हणजे मुख्याध्यापक, आधी नाराज होते. "बाई, सहलीच काढायच्या तर वेगळा तास घ्या," असं ते कपाळाला आठ्या घालून म्हणत. त्यांनी बाईंना एक वर्ष दिलं होतं. वर्षाच्या शेवटी निकाल वर गेला नाही तर सगळी पोरं पुन्हा बाकांवर. बाईंनी ते वर्ष डोळ्यांत तेल घालून चालवलं.

त्या वर्षातला सगळ्यांत लाडका उपक्रम होता टाकीचा.

शाळेच्या कुंपणाला लागून पाणीखात्याची टाकी होती. सिमेंटच्या सहा खांबांवर उभी, वर गोल पोट, आणि पायथ्याशी त्याच पायावर बांधलेली एक खोली. खोलीत टाकीवाला राहत असे. टाकीत पाणी कधी चढवायचं, कुठल्या भागाला कधी सोडायचं, हे सगळं त्याच्या हातात. बायको आणि दोन मुलं घेऊन तो तिथेच राहायचा. त्याची थोरली बाईंच्याच वर्गात होती.

उंची मोजायची रीत सोपी. कंपासपेटीतला कोनमापक घ्यायचा, त्यावर स्ट्रॉ चिकटवायची, मधून दोरा सोडायचा आणि दोऱ्याच्या टोकाला एक नट बांधायचा. टाकीच्या मध्यापासून टेप धरून बरोबर चोवीस मीटरवर उभं राहायचं, स्ट्रॉतून टाकीचा माथा बघायचा, दोरा कुठल्या अंशावर थांबला ते वाचायचं, आणि आलेखाच्या कागदावर त्रिकोण काढून, त्यात डोळ्यांपर्यंतची स्वतःची उंची मिळवून, टाकीची उंची शोधायची. वर्गाचे चार गट होते. एक टाकीच्या उत्तरेला, एक दक्षिणेला, एक पश्चिमेला रस्त्यापलीकडे, आणि एक पूर्वेला, शाळेच्या स्वतःच्या मैदानात. दर महिन्याच्या एका गुरुवारी, अकरा वाजता.

आता पोरांचे हात ते. कुणाचा दोरा हलतो, कुणाची स्ट्रॉ वाकडी. आकडे येत बावीसपासून सव्वीसपर्यंत. तिथे बाईंचा हेतू आडवा आला. चूक कुणाची, बरोबर कुणाचा, हे सुरू झालं की पुन्हा तोच रडवेला चेहरा. म्हणून त्यांनी नियम केला. सगळ्यांचे आकडे पाटीवर लिहायचे, सगळ्यांची मिळून सरासरी काढायची, सरासरी वहीत उतरवायची आणि पाटी पुसून टाकायची.

"कुणाचाच आकडा चूक नाही," बाई म्हणायच्या. "तुझा थोडा जास्त, त्याचा थोडा कमी. एकत्र केले की खरं उत्तर येतं."

आणि यायचं! पहिल्याच महिन्यात सरासरी आली चोवीस मीटर चार सेंटिमीटर. पाणीखात्याच्या दप्तरात टाकीची उंची होती चोवीस. पोरांनी मैदान डोक्यावर घेतलं. पुढच्या महिन्यातही चोवीसच्या आसपास, त्याच्या पुढच्या महिन्यातही. मोठ्या सरांच्या आठ्या हळूहळू मावळल्या. त्यांनी तो तक्ता मोठ्या अक्षरांत लिहून घेतला आणि आपल्या खोलीत लावला. पाणीखात्याचे इंजिनिअर साहेब एकदा कामाला आले, त्यांनी तो पाहिला आणि खूश झाले. त्यांच्याकडे टाक्या भरपूर आणि माणसं बोटावर मोजण्याइतकी. त्यांनी शाळेला कौतुकाचं पत्र धाडलं: विद्यार्थ्यांनी मोजलेली उंची आमच्या नोंदीशी जुळते, सबब टाकी सुस्थितीत असल्याची नोंद घेण्यात येत आहे.

मोठ्या सरांना तर आभाळ ठेंगणं झालं. त्यांनी बाईंकडून उपक्रमाची छोटी पुस्तिका लिहून घेतली आणि ज्यांच्या शेजारी टाकी आहे अशा अकरा शाळांना वाटली. पुस्तिकेच्या तिसऱ्या पानावर बाईंचंच वाक्य होतं: सुटे आकडे जपून ठेवू नयेत, त्याने मुलांचा गोंधळ उडतो. अकराही शाळांतून महिन्याभरात एकेक सरासरी आली. सगळ्या बरोबर. पाणीखात्याने त्या अकरा कागदांवर शिक्के मारले.

सगळं कसं छान चाललं होतं. फक्त वर्गात एक मुलगी होती.

टाकीवाल्याची थोरली. वर्ग तिला 'शंकाबाई' म्हणायचा, कारण तिचं प्रत्येक वाक्य "बाई, एक शंका" असं सुरू व्हायचं. तास संपायला दोन मिनिटं उरली की तिची शंका हमखास वर यायची आणि सगळा वर्ग कपाळावर हात मारायचा. ती पूर्वेच्या गटाची प्रमुख होती.

"बाई, एक शंका. आमच्याच गटाचा आकडा दर वेळी जास्त का येतो?"

"तुमचे दोरे लांब असतील."

"दोरे बदलले बाई. पश्चिमवाल्यांशी अदलाबदल केली. मग त्यांचा जास्त यायला हवा ना? तरी आमचाच येतो. त्यांचा दर वेळी कमी."

"अगं म्हणून तर सरासरी काढतो," बाई हसून म्हणाल्या, आणि वर्गही हसला.

हे त्या हसून म्हणाल्या, ही गोष्ट पुढे त्यांना झोपू द्यायची नाही.

शंकाबाई हसली नाही, भांडलीही नाही. ती एवढंच म्हणाली, "मी लिहून ठेवलेत," आणि खाली बसली.

पाचव्या महिन्यातली गोष्ट. बाई वह्या तपासत होत्या. शिक्षकांच्या खोलीत दुपारचं ऊन आलेलं, शेजारी चित्रकलेचे सर घोरत होते. शंकाबाईची वही हातात आली. पुढच्या पानांवर सगळं नीटनेटकं, सरासऱ्या लाल चौकटीत. वही मिटताना सहज मागचं पान उघडलं गेलं. तिथे पेन्सिलीने बारीक अक्षरात दोन रांगा होत्या. पूर्व आणि पश्चिम. पुसून टाकायचे आकडे पोरीने घरी जाऊन, आठवून, लिहून ठेवले होते. आणि कडेला तिसरी रांग: फरक. चाळीस सेंटिमीटर. साठ. पंच्याऐंशी. एक मीटर दहा. एक मीटर चाळीस.

बाईंनी आधी तिची वजाबाकी तपासली, कारण सवय. वजाबाकी बरोबर होती.

मग त्यांनी चष्मा काढला, पुसला आणि पुन्हा लावला. पोरांचे हात हलतात हे खरं, पण हलणारे हात कधी इकडे चुकतात, कधी तिकडे. दर महिन्याला एकाच बाजूला, आणि दर महिन्याला आधीपेक्षा जास्त, असं हात चुकत नाहीत. बाईंनी कागद ओढला, एक त्रिकोण काढला, शेजारी दुसरा. मनोरा जिकडे झुकतो तिकडच्या माणसाला तो उंच दिसतो. ज्याच्याकडे पाठ करतो त्याला बुटका. एकाचं जितकं वाढतं, जवळजवळ तितकंच दुसऱ्याचं घटतं. दोन्ही एकत्र करून भागलं की झुकणं गायब, आणि उत्तर येतं चोवीस. दर वेळी चोवीस. टाकी पडायला आली तरी चोवीसच येत राहील.

फरकाचं निम्मं केलं. सत्तर सेंटिमीटर. टाकीचा माथा पूर्वेकडे, शाळेच्या मैदानाकडे, सत्तर सेंटिमीटर सरकला होता.

बाईंच्या पायाखालची जमीन सरकली हे म्हणायला सोपं आहे, पण खरं सांगायचं तर त्यांना प्रथम वाटली ती लाज. मग भीती. आणि मग, हे त्यांनी कुणालाच सांगितलं नाही, पण क्षणभर असंही वाटलं की ही वही कपाटात खाली टाकून द्यावी. तो क्षण गेला. त्या उठल्या आणि शंकाबाईला वर्गातून बोलावून घेतलं.

"चल, मला तुझं घर दाखव."

पोरगी पुढे चालू लागली. कुंपणाच्या फटीतून दोघी पलीकडे गेल्या. पायथ्याशी पूर्वेच्या बाजूला हिरवंगार गवत वाढलं होतं. आजूबाजूला सगळं वाळलेलं, तिथेच ओल. बाई महिनोन्‌महिने ते गवत बघत आल्या होत्या आणि एकदा तर "इथे बसायला किती छान आहे" असंही म्हणाल्या होत्या.

खोलीचं दार उघडेना. आतून टाकीवाल्याच्या बायकोने ओढलं, बाहेरून शंकाबाईने खांदा लावला, तेव्हा कुठे ते करकरत हललं.

"मागच्या आठवड्यातच तासून घेतलं हो," ती माउली ओशाळून म्हणाली. "लाकूड फुगतं. या ना बाई, बसा."

टाकीवाला जेवत होता. बाईंना बघून ताट तसंच टाकून उठू लागला.

"बसा दादा, जेवा. मी सहज आलेय."

सहज कसलं! बाईंची नजर खोलीभर फिरत होती. एक पलंग, दोन मीटर लांबीचा, पूर्व-पश्चिम लावलेला. त्याच्या पूर्वेकडच्या पायांखाली फरशीचे तुकडे सारलेले होते. एकावर एक तीन.

"हे काय लावलंय पलंगाला?"

"ते होय," टाकीवाला घास गिळत म्हणाला. "धाकटा झोपेत घरंगळून एका कडेला जायचा. पावसाळ्यात एक तुकडा लावला, बरं वाटलं. मग दुसरा लावला. हा तिसरा परवाच घातला. आता कसं सपाट आहे बघा."

बाई खाली वाकल्या. पदराने धूळ झटकली आणि पट्टी लावून तुकड्यांची जाडी मोजली. प्रत्येकी दोन सेंटिमीटर. दोन मीटरला सहा सेंटिमीटर. मनातल्या मनात त्यांनी बाराने गुणलं. चोवीस मीटरला बहात्तर.

मागे शंकाबाई उभी होती. तिनेही गुणाकार केला होता हे तिच्या तोंडावरून कळत होतं.

"दादा," बाईंचा आवाज त्यांनाच परका वाटला, "ही खोली आणि टाकी एकाच पायावर आहेत ना?"

"हो. एकच पाया. खाली जुनी दगडखाण होती म्हणतात, बुजवून वर बांधलंय." त्याने ताट बाजूला सारलं. "ही पोरगी रोज जेवताना तेच सांगते. किती सेंटिमीटर झालं ते. मी तिला गप्प बसवतो. घर हेच आहे बाई. नोकरी गेली तर खोलीही जाते. आणि खात्याचं पत्र आहे ना, टाकी चांगली आहे म्हणून? तुमच्या शाळेनेच मोजलीय की."

बाईंना तोंडात मारल्यासारखं झालं. बाकी सगळं त्या झेलू शकल्या असत्या.

"ते मोजणं चुकलं," त्या म्हणाल्या. "माझं चुकलं. तुमच्या मुलीचं बरोबर आहे."

टाकीवाल्याने लेकीकडे पाहिलं.

त्याच दुपारी बाई पाणीखात्याच्या कचेरीत गेल्या. इंजिनिअर साहेबांनी चहा मागवला, खुर्ची दिली, आणि बाईंचं सगळं ऐकून घेतल्यावर हसले. वाईट माणूस नव्हता तो. फक्त त्याच्या टेबलावर फायलींचा ढीग होता आणि त्या ढिगातली एक फाइल तरी निकालात निघालेली आहे यावर त्याचा विश्वास होता.

"बाई, ही बघा." त्यांनी ती फाइल काढली. "तुमच्या शाळेचा कागद. खाली तुमची सही. चोवीस मीटर चार. आता तुम्हीच म्हणता हा खोटा?"

"खोटा नाही. बरोबर आहे. पण त्यातून काहीच कळत नाही."

"म्हणजे बरोबर आहे ना?"

"साहेब, तुमची मोजणीची दुर्बीण घेऊन एकदा या. एकदाच."

"दुर्बीण दुरुस्तीला गेलीय. पुढच्या महिन्यात बघू." साहेबांनी फाइल मिटली. "एका सातवीतल्या मुलीच्या वहीच्या मागच्या पानावरून मी टाकी बंद करू? अर्ध्या गावाचं पाणी आहे ते. उलट उन्हाळ्यासाठी या गुरुवारी सगळ्या टाक्या काठोकाठ भरायचा हुकूम निघालाय. वर्षभर अर्ध्याच भरत होतो."

बाईंनी तिथल्या तिथे कागद घेऊन लिहून दिलं: माझी सरासरी ग्राह्य धरू नये. साहेबांनी कागद घेतला आणि त्यावर आवक क्रमांक टाकला. मोठ्या सरांना कळलं तेव्हा ते संतापले. अकरा शाळांपुढे आपलं हसं होईल, म्हणाले. बाईंनी गुरुवारचा उपक्रम रद्द केला आणि पूर्वेकडचे वर्ग मागच्या इमारतीत हलवायची परवानगी मागितली. पहिलं सरांनी चरफडत मान्य केलं. दुसरं नाही.

बुधवारी संध्याकाळी बाई पुन्हा त्या खोलीत गेल्या. या वेळी दार उघडंच होतं, कारण आता ते बंद होत नव्हतं. बाईंकडे कुठलाच हुकूम नव्हता, कुठलाच कागद नव्हता.

"उद्या किती वाजता भरायला घेणार, दादा?"

"सकाळी सहाला. दहापर्यंत काठोकाठ होईल."

"मुलांना आणि वहिनींना माझ्याकडे पाठवा. तुम्हीही या."

"मी कसा येऊ? व्हॉल्व्ह कोण उघडणार?" तो म्हणाला आणि थांबला. बाहेर वर कुठेतरी टाकीतून टिपटिप आवाज येत होता. त्याने लेकीला जवळ बोलावलं. "किती म्हणालीस?"

"सत्तर, बाबा. बाईंचे बहात्तर."

"आणि पाणी दुप्पट झालं तर?"

"ते मला येत नाही," शंकाबाई म्हणाली. तिच्या तोंडून हे वाक्य बाईंनी पहिल्यांदाच ऐकलं. "बाईंनाही येत नाही."

टाकीवाल्याने मान हलवली. बायको-पोरं बाईंच्या घरी आली. तो मागेच राहिला.

गुरुवारी सकाळी बाई शाळेत आल्या तेव्हा सगळं नेहमीसारखं होतं. टाकी उभी होती. बालवर्गाची पोरं मैदानात रांगेने गाणं म्हणत होती. बाईंनी सातवीला वर्गात बसवून अपूर्णांक घेतले आणि आयुष्यात पहिल्यांदा त्यांना स्वतःच्या तासाला काय शिकवतोय ते कळत नव्हतं. दर दोन मिनिटांनी नजर खिडकीकडे जात होती. शंकाबाई खिडकीजवळच्या बाकावर बसली होती. तिने आज एकही शंका काढली नाही.

साडेदहाला शिपाई आला. "बाई, फोन. पाणीखात्याचे साहेब."

मोठ्या सरांच्या खोलीत रिसीव्हर टेबलावर पडला होता. सर उभे होते, त्यांचा चेहरा उतरलेला.

"बाई," साहेबांचा आवाज खालच्या पट्टीत होता, "तुमच्या टाकीवाल्याने पहाटे कळवलं, व्हॉल्व्ह अडकलाय, फिरत नाही, भरता येत नाही. मी चिडून स्वतः आलो. व्हॉल्व्ह अडकलेला नव्हता. त्याने चाकाला साखळी घातली होती आणि किल्ली खिशात. मी त्याला नको ते बोललो. तो म्हणाला, मला काढून टाका साहेब, पण आधी ओळंबा सोडून बघा. गवंड्याचा ओळंबा मागून आणला त्याने."

"मग?" बाईंनी विचारलं.

"आम्ही खांबाला लावून बघितला. हिशेब केला तर माथ्याशी एकाहत्तर येतात. तळाचा व्हॉल्व्ह उघडलाय, टाकी रिकामी होतेय. तुमचं मैदान मोकळं करा. पूर्वेकडचे वर्गही. आत्ता."

मोठे सर ऐकत होते. ते बाईंनी काही सांगायच्या आत धावत बाहेर गेले. त्या वयात त्यांना धावताना कुणी पाहिलं नव्हतं. जिन्यावरून पोरांच्या पायांचा धडधडाट सुरू झाला. बाईंच्या जिवात जीव आला. टाकीवाला वाचला, त्याची पोरं वाचली, शाळा वाचली. खुर्चीत बसून दोन मिनिटं रडावं असं त्यांना वाटलं.

"बाई, ऐकताय ना?" फोनमधून आवाज आला. "त्या अकरा टाक्या. तुमच्या पुस्तिकेवरून मोजलेल्या. त्यांतल्या चार याच खाणीच्या भरावावर आहेत. तोच नकाशा, बांधल्याचं वर्षही तेच. त्या शाळांचे सुटे आकडे असतील का कुणाकडे? कुठल्या दिशेचा किती, असे?"

"नाही," बाई म्हणाल्या.

"एकाही शाळेकडे?"

"मीच पुसायला सांगितलेत."

साहेब घाईने म्हणाले, "त्या सगळ्या आज सकाळी काठोकाठ भरल्यात. टाकीवाल्यांना मी फोन लावतो. शाळांना तुम्ही लावा." त्यांनी चार नावं सांगितली.

बाईंनी सरांच्या काचेखालची नंबरांची यादी ओढून काढली. घड्याळात अकराला दहा कमी होते. पहिल्या शाळेत गणिताच्या सरांनीच फोन घेतला. उपक्रम उद्या ठेवला होता. टाकीकडे फिरकू नका, मुलांना आत घ्या, का ते नंतर सांगते, असं बाईंनी सांगितलं. दुसऱ्या शाळेला सुट्टी होती. तिसऱ्या शाळेतल्या बाई नुकत्याच मुलांना घेऊन दारापर्यंत गेल्या होत्या, त्यांना जिन्यातून परत बोलावलं.

चौथ्या शाळेचा फोन बराच वेळ वाजला. शेवटी एका म्हाताऱ्या शिपायाने उचलला.

"गणिताचे सर कुठे आहेत?"

"सर ना? पोरांना घेऊन टाकीवर गेलेत. पुस्तिकेतला तो खेळ आहे ना, तो. आज पाहुणेही आलेत बघायला. तीन वर्ग एकदम नेलेत." म्हातारा हौसेने सांगत होता. "पोरांना फार आवडतो हो तो खेळ. आपण कोण?"

"मीच लिहिलीय ती पुस्तिका. मामा, ऐका. त्यांना परत बोलवा. सगळ्यांना. टाकी पडणार आहे."

"काय म्हणालात?"

"टाकी पडणार आहे! धावत जा. ओरडत जा. जा मामा!"

"थांबा हं, फोन ठेवू नका," म्हातारा म्हणाला. रिसीव्हर टेबलावर ठेवल्याचा आवाज आला. मग चपलांचा आवाज, फरपटत, सावकाश. गुडघे दुखत असावेत. दार उघडलं आणि बाहेरचा आवाज एकदम आत आला.

पोरांचा आवाज होता. शंभरेक पोरं असतील. त्यांच्याकडे टेप नसावा, कारण ती पावलांनी अंतर मोजत होती. टाकीपासून बाहेरच्या दिशेने, मोठमोठ्याने, एका सुरात. सोळा, सतरा, अठरा. मध्येच कुणीतरी हसलं, कुणीतरी दटावलं. म्हाताऱ्याची हाक ऐकू येत होती, पण ती त्या गलक्यात विरून जात होती. एकवीस, बावीस. बाई रिसीव्हर दोन्ही हातांनी कानाशी दाबून उभ्या होत्या. मोजत राहा, त्या पुटपुटत होत्या, थांबू नका, पुढे जा, शंभरपर्यंत मोजा.

चोवीस म्हणून मुलं थांबली. आणि पुस्तिकेत लिहिलं होतं तसं, दोरा स्थिर होईपर्यंत, सगळी एकदम गप्प झाली.